मागून आणलेल्या गाडीने अपघात झाला तर भरपाई कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा. कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला साडूची बोलेरो मागून आणली. देवळीच्या अलीकडे बैलगाडीला ओलांडताना समोरून आलेल्या मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं, आईच्या खांद्याला मार लागला, चालवणाऱ्याचं स्वतःचं मनगट फ्रॅक्चर झालं आणि गाडीचं तोंड चेपलं. लायसन्स आहे. विमा 'फुल' आहे असं साडू सांगतो. जखमीचे नातेवाईक म्हणतात दोन लाखांत मिटवा, साडू म्हणतो गाडी होती तशी करून दे, आणि पारावर कोणीतरी सांगितलं की गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्याने इन्शुरन्स मिळणारच नाही.

मी यवतमाळला मोटार अपघात दाव्यांची वकिली करतो. मागून आणलेल्या गाड्यांची प्रकरणं आमच्याकडे नेहमीची आहेत, कारण आपल्याकडे गावात चारचाकी दोन-चार घरी आणि गरज सगळ्यांना. लग्न, दवाखाना, तेरवी, पोराची परीक्षा, सगळीकडे कोणाची ना कोणाची गाडी जाते.

पारावरचं बोलणं चूक आहे, ते आधी बाजूला करू. आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. पॉलिसीत 'ड्रायव्हर क्लॉज' म्हणून एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ असा, की विमाधारक स्वतः किंवा दुसरी कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू लायसन्स हवं आणि ते घ्यायला ती अपात्र ठरलेली नको. शिकाऊ लायसन्सवालासुद्धा चालतो, पण त्याने १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा, म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीवर 'एल'ची पाटी. नातं, आडनाव, गाव, काही विचारलं जात नाही. साडूने स्वतःहून चावी दिली, तुमच्याकडे लायसन्स होतं, तर कंपनीच्या दृष्टीने गाडी साडूने चालवली काय आणि तुम्ही चालवली काय, मोटारसायकलवाल्याच्या भरपाईपुरता फरक नाही.

'लायसन्स आहे' या दोन शब्दांवर मात्र मी कधीच थांबत नाही. कार्ड हातात घेऊन तारीख पाहतो. तिशीच्या आत काढलेलं खाजगी गाडीचं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. तिशी ते पन्नाशीत काढलं किंवा नूतनीकरण केलं तर दहा वर्षं, आणि पंचावन्न ओलांडल्यावर पाच-पाच वर्षं. आपल्याकडे कितीतरी जणांचं लायसन्स कधीच संपलेलं असतं आणि ते खिशात मिरवत फिरतात. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. तुमची तारीख आजच पाहा. अपघाताच्या दिवशी ती शिल्लक असेल तर पुढचं सगळं सोपं.

आता साडूचं 'फुल इन्शुरन्स'. हे शब्द पॉलिसीत कुठेही छापलेले नसतात. पॉलिसीचं पहिलं पान उघडा. प्रीमियमच्या तक्त्यात दोन रकाने दिसतील, एक 'ओन डॅमेज', म्हणजे या गाडीचं स्वतःचं नुकसान, आणि दुसरा 'लायबिलिटी', म्हणजे समोरच्याची भरपाई. पहिल्या रकान्यात रक्कम असेल तर ती पॅकेज पॉलिसी, तिथे शून्य किंवा रेघ असेल तर नुसती थर्ड पार्टी. मुदतीच्या तारखाही दोन्ही रकान्यांच्या वेगवेगळ्या पाहा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण ओन डॅमेजचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालक म्हणतो "तीन वर्षांचा विमा आहे", आणि खरोखरच असतो, पण दुसऱ्या वर्षापासून फक्त समोरच्यासाठी.

या दोन रकान्यांवर तुमच्या प्रकरणातला अर्धा भाग ठरतो, म्हणून एकेक माणूस घेऊन सांगतो.

मोटारसायकलवाला. त्याच्यासाठी दोन्ही प्रकारच्या पॉलिसी सारख्याच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो याच्यासाठीच. तो दावा दाखल करेल तेव्हा तुम्ही, साडू आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करेल, आणि नोटीस तिघांच्या घरी जाईल. इथे घराघरांत भांडणं पेटतात. "गाडी म्या चालवलीच नाही, मंग मले काऊन नोटीस?" असं म्हणत मालक येतो. उत्तर सरळ आहे: आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, ज्याचं नाव तो कायद्याने मालक, आणि चालक, मालक, कंपनी यांची जबाबदारी एकत्र धरली जाते. प्रत्यक्षात रक्कम कंपनी भरते. नोटीस आली म्हणून घाबरायचं नाही, पण ती चुलीतही टाकायची नाही. हजर राहून लायसन्स आणि पॉलिसी दाखल करायची. तुम्ही गैरहजर राहिलात तर 'चालकाकडे लायसन्स नव्हतं' हा कंपनीचा बचाव खोडायला तिथे कोणी उरत नाही.

जखमीच्या उपचारांसाठी आणखी एक सोय आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. त्याच्या घरच्यांना हे सांगा. आपसातल्या बोलण्याचा ताप यानेही थोडा उतरतो.

दोन लाखांत मिटवायचं का? माझं मत, नाही. पॉलिसीच्या अटींतच लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणी चूक कबूल करायची नाही, रक्कम देऊ करायची नाही, आश्वासन द्यायचं नाही. तुम्ही सरपंच आणि चार प्रतिष्ठितांसमोर बॉन्डवर लिहून दोन लाख दिले, तर ते तुमच्या खिशातून गेले. कंपनी ते परत देणार नाही. उलट त्या बॉन्डनंतरही जखमी माणूस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात, येऊ शकतो. मांडीच्या हाडात रॉड पडला, सहा महिने शेतात जाता आलं नाही, पायात आखूडपणा राहिला, हे सगळं दोन लाखांत बसत नाही हे त्याला नंतर कळतं, आणि त्याचंही चुकत नाही. माणुसकी म्हणून दवाखान्याचं बिल भरायचं तर जरूर भरा, रुग्णालयाच्या नावाने पावती घ्या, जवळ ठेवा. बॉन्ड करू नका. फौजदारी गुन्हाही बॉन्डने आपोआप मिटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली तो नोंदला जाईल, तुमच्यावर, साडूवर नव्हे. तो जामीनपात्र आहे. त्यात झालेला दंड कोणताही विमा भरत नाही.

आई. इथे ते दोन रकाने कामाला येतात. खाजगी चारचाकीत बसलेल्या माणसाला नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र गाडीतले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेला माणूस यांची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये कंपन्यांना परिपत्रक काढून तेच बजावलं. म्हणजे साडूचा पहिला रकाना भरलेला असेल तर आई दावा करू शकते. त्या दाव्यात तुम्ही, तिचा मुलगा, प्रतिवादी असाल. हे सांगितलं की लोक खुर्चीतून अर्धे उठतात. "मायनं पोरावर केस कराची का साहेब?" करायची. पैसे कंपनी देते, कागदावर नाव तेवढं लागतं. दावा मोटारसायकलवाल्याचा असो की आईचा, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, आणि तो जिथे अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही. दावेदार राहतो त्या जिल्ह्यातही चालतो, म्हणजे आईसाठी यवतमाळ.

आता तुम्ही. मोडलेलं मनगट तुमचं, आणि तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. बहुतेकांच्या प्रश्नात नसते. मागून आणलेल्या गाडीत सगळ्यात उघडा माणूस म्हणजे ती चालवणारा. समोरच्याला विमा आहे, मागे बसलेल्याला बहुधा आहे, गाडीला आहे, चालवणाऱ्याला नाही.

कारण असं. पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, २०१८ पासून ते त्या रकमेचं झालं. पण त्याचं नावच 'ओनर-ड्रायव्हर'. आरसीवरच्या मालकाला, त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ते मिळतं. तुम्ही मालक नाही, म्हणून ते तुमचं नाही. पगारी ड्रायव्हरसाठी वेगळा प्रीमियम भरून संरक्षण घेता येतं, पण तुम्ही पगारीही नाही. मग कायद्याखाली भरपाई मागावी, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की गाडी मागून नेणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःकडूनच भरपाई मागू शकत नाही. ते प्रकरण कर्नाटकातलं होतं: मागून आणलेली मोटारसायकल, पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, मोटारसायकल तिच्यावर आदळली आणि चालवणारा गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे कलम १६३-अ खाली, म्हणजे कोणाची चूक सिद्ध न करता मागायच्या भरपाईचा, दावा केला. तो त्या कलमाखाली टिकला नाही. बैलगाडीला विमा नसतो, म्हणजे त्या बाजूनेही काही मिळण्यासारखं नव्हतं.

तुमच्या बाबतीत एक दार उघडं आहे. मोटारसायकलवाल्याचीही काही चूक असेल, तो चुकीच्या बाजूने किंवा दिव्याविना आला असेल, तर त्याच्या दुचाकीच्या विमा कंपनीविरुद्ध तुम्ही दावा करू शकता. घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा मिळवून गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्या होत्या ते पाहा. ओलांडण्याच्या नादात तुम्हीच उजवीकडे गेला असाल, तर फार आशा धरू नका.

म्हणून मागायची सवय असणाऱ्याने स्वतःचं संरक्षण स्वतः घ्यावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, अपघाती मृत्यूला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. ती तुमच्या नावावर असते, त्यामुळे गाडी कोणाची याला महत्त्व नाही. १ जून ते ३१ मे असं तिचं वर्ष, आणि हप्ता कापायच्या दिवसांत खात्यात पैसे नसले की ती गुपचूप बंद पडते. पासबुक तपासा. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानही आहे, मृत्यूला दोन लाख. मोडलेल्या मनगटाला यातलं काहीच लागू होत नाही, पण पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवतो.

इथवर धरून चाललो की गाडी तुम्ही घरच्या कामाला नेली. खाजगी पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक चालत नाही. आईला दवाखान्यात नेणं यात कुठेच अडकत नाही. पण कंपनीचा तपासनीस घरी येतो, चहा घेतो आणि सहज विचारतो, साडूला काही दिलं का? पंपावर डिझेल टाकून देणं म्हणजे भाडं नव्हे. मात्र जबाबात "दोन हजार दिले" एवढंच लिहून सही झाली की कंपनी त्याला भाडं म्हणणार, आणि पुढचं वर्ष ते खोडण्यात जाणार. जे झालं तेच सांगा, पण पूर्ण सांगा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका. त्याच बोलेरोत मागची सीट काढून सोयाबीनचे कट्टे कळंबच्या बाजारात नेले असते तर गोष्ट वेगळी होती. लग्नाच्या वऱ्हाडाचंही तसंच. पिकअपच्या डाल्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलेली माणसं ही मालवाहू गाडीतले फुकट प्रवासी धरली जातात, आणि त्यांची जबाबदारी कंपनीवर नाही हे डिसेंबर २००२ पासून पक्कं आहे. ट्रॉली उलटली तर दहा घरांच्या भरपाया एका मालकाच्या सातबारावर येऊ शकतात. लग्नसराईत कोणी ट्रॉली मागितली तर देणाऱ्याने सरळ नाही म्हणावं, नाराजी पत्करावी.

चालवणारा बदलण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. लायसन्स संपलं आहे, मग साडूच चालवत होता असं लिहून टाकू. माझ्याकडे आलेल्यांना मी एकच विचारतो, तुम्ही दवाखान्यात काय सांगितलं? मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टरने वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत 'गाडी चालवताना अपघात' असं तुमच्याच तोंडून लिहून घेतलेलं असतं. शिवाय जखमीची फिर्याद, मोबाइलचं लोकेशन, पंपावरचा कॅमेरा. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांना ४८ तासांत ट्रिब्युनल आणि कंपनीकडे पाठवावा लागतो, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत, त्यामुळे सोयीची गोष्ट रचायला आता वेळही उरत नाही. आणि खोटं उघडं पडलं तर ज्या विम्यात तुम्ही बसत होता तोही हातचा जातो. लायसन्स नसलं तरीसुद्धा बहुतेक वेळा न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. जखमी वाऱ्यावर पडत नाही, बोजा साडूवर येतो. दारू पिऊन चालवलं असेल तरी वाट बहुधा तीच.

अल्पवयीन पोराच्या हातात गाडी देणाऱ्यांसाठी वेगळं बोलत बसत नाही. कलम १९९-अ, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

साडूला एक गोष्ट विचारा: आरसी त्याच्याच नावावर आहे ना? जुनी गाडी बॉन्डवर घेतली आणि नाव बदललंच नाही, असं गावोगाव दिसतं. तसं असेल तर समोरच्याची भरपाई अडत नाही, पण पोलीस ठाण्यातून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन तात्पुरत्या ताब्यात, गाडी सोडवायला जुन्या मालकाला गाठावं लागेल, आणि गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी जवळपास नक्की नाकारेल.

राहिला साडूशी हिशेब. पॅकेज पॉलिसी असेल तर दुरुस्तीचा दावा साडूनेच करायचा, करार त्याचा आहे, तुमच्या नावाने तो स्वीकारला जात नाही. कंपनी पूर्ण बिल देत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापते, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शून्य घसाऱ्याचं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर ही कपात होत नाही. समजा गाडी सहा वर्षांची, बंपर १० हजार, हेडलाइट ६ हजार, बॉनेट आणि रेडिएटर २० हजार, मजुरी ८ हजार, एकूण ४४ हजार. घसारा ५, ३ आणि ८ मिळून १६ हजार. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात एक हजार. कंपनी देणार २७ हजार, उरलेले १७ हजार तुमचे. ही नात्याची देणी आहेत आणि मी ती द्या म्हणेन.

याउपर साडूचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. मोटारसायकलवाल्याच्या दाव्याने तो जात नाही, दुरुस्तीच्या दाव्याने जातो. साडू ५० टक्क्यांवर असेल तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५०. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२ हजार धरला तर पाच वर्षांत मिळून साधारण १५ हजारांचं नुकसान. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच. म्हणजे वरच्या उदाहरणात दावा करण्यात फायदा आहे. पण बिल २० हजारांच्या आसपास येत असेल तर दावा करूच नका, दोघांनी मिळून भरून टाका.

हे ठरवण्याआधी गॅरेजवाल्याला गाडी उघडू देऊ नका. साडूकडून आजच कंपनीला कळवायला लावा, दावा क्रमांक घ्या, कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहून जाईपर्यंत बंपरला हात नको. अंदाजपत्रक हातात आलं की दावा करायचा की नाही ते दोघांनी बसून ठरवा.